तोंड लावून

बिरूची चड्डी अजून कोरडीच होती. मी पुन्हा हात घालून बघितला, तशा आत्याबाई ओट्यापासून म्हणाल्या, “हात लावू लावू वली व्हणार हाय का?”

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, पुतळाबाई. बिरू माझा मुलगा, दीड वर्षाचा. आणि त्याच्या दुधाच्या बाटल्या माळ्यावर. काल सकाळी मी स्टुलावर चढून त्या पत्र्याच्या पेटीत टाकल्या आणि वर गोधड्यांचं गाठोडं ठेवलं, म्हणजे मलाच मोह नको. तेव्हापासून पोरानं कपातलं काही घेतलं नव्हतं. रात्री चमच्यानं थोडं पाणी गेलं, त्यातलं निम्मं माझ्या बाहीवर आलं.

बाटली मी हौसेनं सोडवत नव्हते. टीव्ही सेंटरजवळच्या डॉक्टरबाईंनी त्याच्या पापण्या खाली ओढून बघितल्या होत्या, मग रक्त तपासलं होतं. रक्त फार कमी. दिवसभर बाटलीनं दूध पितो, पोट भरतं, मग वरण नको, भाजी नको. अंगात रक्त यायचं कुठून, असं त्या म्हणाल्या. बाटली बंद, कप सुरू, दूध थोडंच. नाही वाढलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. मी बी.एस्सी. झालेली आहे. हिमोग्लोबिनवर मी परीक्षेत पानभर लिहिलंय, आकृतीसकट. पण त्या कागदावर माझ्या मुलाचं नाव आणि पुढं तो आकडा बघितला, आणि मला रिक्षावाल्याला घरचा पत्ता, हर्सूल, एवढंही सांगता येईना.

आज सकाळी पुन्हा डॉक्टरबाईंना फोन केला. संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही तर उशीर न करता घेऊन या, सलाईन लावावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. माझा नवरा सूर्यभान वाळूजला कंपनीत, त्याचा फोन लॉकरमध्ये. म्हणजे जे काय करायचं ते मीच. मी बिरूचे ओठ बघत होते, जीभ बघत होते. रडताना डोळ्यात पाणी येतंय का ते बघत होते, आणि ते दिसावं म्हणून तो रडावा असं वाटत होतं, आणि असं वाटतंय म्हणून स्वतःचाच राग येत होता. ऊन नुसतं पांढरं झालं होतं. कूलरमधलं पाणी संपलेलं, तो कोरडाच फिरत होता. नळ यायला अजून वेळ होता, म्हणून टाकीतलं पाणी जपून.

आत्याबाईंचं म्हणणं एकच, बाटली दे. त्यांच्या मते बिरू उपाशी मरत होता आणि मी डॉक्टरचं पुस्तक वाचत होते. “शिकल्या सवरल्याचं असंच आस्तं,” त्या शेजारच्या सारजाबाईंना भिंतीवरून सांगत होत्या, मला ऐकू जाईल इतक्या आवाजात. “लेकराला पानी बी परीक्षा दिऊन प्यावं लागतं.” सारजाबाई हसल्या. नंतर त्यांनी बिरूची चौकशी केली तेव्हा आत्याबाईंचाच आवाज बसला, हे पण मला ऐकू आलं.

मी औरंगपुऱ्यातून पिवळा, दोन कानांचा कप आणला होता. त्यात दूध घालून काल सकाळी बिरूच्या हातात दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला, माझ्याकडं बघितलं, शेजारी पडलेली ताटली ओढली आणि सगळं दूध ताटलीत ओतलं. मग वाकून त्यावर “फू” केलं. ताटली उचलायला गेला ती कलंडली, दूध फरशीभर. मी ओरडले. दुपारी तेच. संध्याकाळी मी ताटली लपवून ठेवली, तर त्यानं फरशीवरच ओतलं, आणि मी त्याच्या हातावर चापट मारली. त्याला बाटली काढल्याचा राग आलाय, तो मुद्दाम करतोय, हे मी ठरवून टाकलं होतं. मी सूर्यभानला सांगितलंही, तुमचं पोर तुमच्यासारखंच हट्टी.

आज दुपारी मी पिवळा कप बाजूला ठेवून त्याला स्टीलच्या छोट्या ग्लासात पाणी दिलं. धरायला हलका, काठ पातळ. ग्लास त्याच्या ओठाला लावला की तो मान मागं घ्यायचा आणि ग्लास माझ्या हातातून काढायला बघायचा. शेवटी मी सोडून दिला. म्हटलं, सांड बाबा, काय करायचं ते कर.

तेवढ्यात आत्याबाई अंगणातून आत आल्या. उन्हातून आलं की त्या पहिल्यांदा माठाकडं जातात. त्यांनी तांब्या बुडवला, मान वर केली, तांब्या हातभर उंच धरला आणि पाण्याची धार थेट घशात सोडली. एक थेंब सांडला नाही. घशाची घाटी नुसती वरखाली.

बिरू त्यांच्याकडं बघत होता. त्यानं मान मागं टाकली. ग्लास दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलला, आ केला आणि उलटा केला.

पाणी नाकात, डोळ्यांत, कानात. तो ठसकला, लाल झाला, मग मोठ्यानं रडायला लागला. आत्याबाई धावल्या, पदरानं त्याचं तोंड पुसत मलाच बोलत होत्या. मला मात्र त्यांचं ऐकू येत नव्हतं.

या घरात पाणी वरून पितात. आत्याबाई मेंढरांमागं वाढलेल्या. तळ हलवून दुसऱ्या रानात निघालं की साऱ्या वाड्याला, म्हणजे बरोबरच्या सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एक कळशी, तिला तोंड लावलं की उष्टी. लग्न होऊन आले तेव्हा मला जमायचं नाही, पहिले कितीतरी दिवस ब्लाउज भिजायचा, आणि आत्याबाई म्हणायच्या, तोंड लावून ढोरं पितात. मग मी शिकले. जमलं तेव्हा माहेरी जाऊन करून दाखवलं. आता तर मी विचारही करत नाही. आणि चहा? चहा आम्ही सगळेच बशीत ओततो, फुंकतो आणि बशीतून पितो. कपाला कोण ओठ लावतं?

बिरूनं जन्मल्यापासून एकाही माणसाला कपाला तोंड लावताना बघितलेलं नव्हतं. कप ओतायचा असतो. ग्लास वर धरायचा असतो. तो आपला बघितलेलं सगळं नीट करत होता, आणि मी त्याला चापट मारली होती.

मी लगेच ग्लास भरला, त्याच्यासमोर बसले आणि ओठ लावून प्याले. पुन्हा प्याले. त्यानं बघितलं. मग मान वळवून आजीकडं बघितलं. तिकडचं काय ते कळल्याशिवाय याला काही पटत नाही. झोपतो तिच्याजवळ, केर काढताना तिच्यामागं, तिनं तंबाखूची मिसरी लावली तर हाही हिरड्यांवरून बोट फिरवतो.

म्हणजे आत्याबाईंनाच सांगायला पाहिजे होतं.

“आत्याबाई, त्याच्यासमोर तुम्ही पाणी प्या. तोंड लावून.”

त्यांनी आधी ऐकलंच नाही असं दाखवलं. मग म्हणाल्या, “म्या?”

“हो.”

“या वयात मला उष्टं प्यायला शिकवती का? माझी सासू आसती तर तांब्या फेकून मारला आसता.” त्या बिरूचं डोकं पुसतच होत्या. “रानात कोनी तोंड लावलं तर सारी कळशी वतून द्यावी लागायची. तेवढ्यासाठी कोसभर माघारी गेलेली बाई हाय म्या. तू काय सांगती.”

मला ओरडावंसं वाटलं, मला रडावंसं वाटलं. मी म्हणाले, “तो हट्ट करत नाहीये. तो तुमच्यासारखं पितोय.”

त्या थांबल्या. पदर त्याच्या कानापाशी तसाच राहिला.

“मघाशी तुम्ही तांब्या उचलला, त्यानं ग्लास उचलला. तो दीड वर्षाचा आहे, त्याला धार धरता येणार आहे का? आणि तुम्ही कराल तेच तो करणार. मी हजार वेळा करून दाखवलं तरी तो तुमच्याकडंच बघतो.”

आत्याबाई पुन्हा त्याचं डोकं पुसायला लागल्या. मी तेवढ्यात पुन्हा चड्डी बघितली. कोरडी. घड्याळ बघितलं. रिक्षा आत्ताच बोलवावी का, पिशवीत काय काय भरावं, असं डोक्यात सुरू झालं.

मग त्यांनी हात लांब केला. “आन तो त्याचा कप. माझ्या तांब्याला तोंड लावनार नाय म्या.”

मी पिवळा कप पाण्यानं भरून दिला. त्या भिंतीला टेकून बसल्या, बिरूला मांडीत घेतलं आणि कप ओठापाशी नेला. तिथंच अडला. साठ वर्षांची बाई, पण त्यांना किती कलवायचा ते कळेना. जास्त कलला, पाणी हनुवटीवरून गळ्यात, चोळीत गेलं. ठसका लागला.

बिरू हसला. दोन दिवसांत पहिल्यांदा.

“हासतो व्हय रे, लबाडा,” त्या म्हणाल्या. “तुझ्या मायनं मला ढोर केलं, आन तू हास.”

पुन्हा कप लावला. या वेळी ओठ नीट बसले. त्यांनी एक घोट घेतला, आवाज करून गिळला आणि जीभ बाहेर काढून दाखवली. बिरूनं कपाचा एक कान धरला. त्यांनी सोडला नाही, नुसता त्याच्याकडं वळवला. तोच कप, त्याच बाजूनं, आजीच्या ओठाची ओल असलेल्या काठाला त्यानं तोंड लावलं. थोडं सांडलं. थोडं आत गेलं. मी त्याच्या गळ्याकडं बघत होते. गळा हलला. आत्याबाईंनी पुन्हा स्वतःच्या तोंडाला लावला, पुन्हा त्याच्या. कप संपला तेव्हा त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “भर.”

ऊन उतरायला लागलं तेव्हा त्या अचानक हलायच्या थांबल्या. मी विचारलं, काय झालं. त्यांनी मांडीकडं नुसतं बोट दाखवलं. लुगड्यावर ओल पसरत होती. बिरू तिथंच झोपलेला. उठवू नको, असं त्यांनी हातानं सांगितलं आणि तशाच बसून राहिल्या.

त्याला आता काही दिवस झाले, पण बाटल्या मी अजून फेकून दिलेल्या नाहीत. कधी तो दोन घोटांतच कंटाळतो, मग मी गोधड्यांच्या त्या गाठोड्याकडं बघते. रक्त पुन्हा तपासायचं आहे. पापण्या मी रोज ओढून बघते, आज जरा लाल वाटतात, उद्या नाही वाटत.

आत्याबाई त्याच्यासमोर कपानं पाणी पितात, अगदी पाव्हणे असले तरी. काल दुपारी मी वाळत घातलेले कपडे आणायला मागं गेले, तर त्या न्हाणीच्या आडोशाला उभ्या होत्या, तांब्या घेऊन. आधी दाराकडं बघितलं, बिरू येत नाही ना. मग मान वर केली आणि धार सोडली. मी कपडे तसेच ठेवून आत आले आणि तो तिकडं जाऊ नये म्हणून दाराला कडी घातली.