देवाच्या खांद्यावरून

मी काचा बसवणारा माणूस. खिडक्या, दुकानांच्या दर्शनी काचा, न्हाणीघरातले आरसे. काचेवर एकदा काच कापायच्या हिरकणीची रेघ ओढली की ती पुसता येत नाही, म्हणून आम्ही दोनदा माप घेऊनच हात लावतो. घरात मात्र मी कधी माप घेतलं नाही.

घरात रोज संध्याकाळी सातला प्रार्थना. पुरुष हा घराचं मस्तक, घराला देवापुढे त्यानेच न्यायचं, हे मी लग्नाच्या दिवशीच मनावर घेतलं होतं. मी डोळे मिटायचो आणि देवाला सगळ्यांच्या चुका सांगायचो. प्रभू, या घरच्या आईला जिभेवर ताबा दे. प्रभू, या लेकराला आरशापुढून उठव. समोरासमोर बोललो असतो तर बायकोने मला उभा सोलला असता. पण प्रार्थनेत उलट कोण बोलणार? देवाच्या खांद्यावर बंदूक ठेवून मी चोवीस वर्षं नेम धरला. चर्चच्या मंडळीतले लोक माझ्या लांबलचक प्रार्थनांवरून मला पाठीमागे लांबणकाका म्हणतात. मला तेही कौतुकच वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी लेकीचं लग्न झालं. मुलगा मंडळीतलाच, मी निवडलेला. पहिल्यांदा ती काळानिळा दंड घेऊन आली. मला दाखवला. मी म्हणालो, सातला बोलू. सातला मी देवाकडे तिच्यासाठी सोशिकपणा मागितला. ती आमेन म्हणाली आणि सकाळी निघून गेली. दुसऱ्यांदा ओठ फाटला होता. तेव्हाही मी तेच केलं. परवा ती तिसऱ्यांदा आली, उजवा हात मनगटापासून प्लास्टरमध्ये. हाड पिरगळून मोडलंय, असं डॉक्टरांनी तिच्या आईला सांगितलं. मला मात्र या वेळी ती एक शब्द बोलली नाही आणि मी घाबरलो.

आज दुपारी चारला जावई तिला न्यायला आला. बरोबर आमच्या चर्चचे पाळकसाहेब. दोघं बाहेरच्या खोलीत बसले. मी आत गेलो, तर ती डाव्या हाताने बॅग भरत होती.

"पोरी, जाऊ नकोस."

"का?"

"अगं, हात बघ तुझा."

"दोनदा दाखवलं होतं, पप्पा. तुम्ही डोळे मिटलेत." तिच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही पाठवणारच. म्हटलं, आधीच भरून ठेवावी."

मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं. तसाच बाहेर आलो आणि सांगून टाकलं, ती येणार नाही.

जावई हसला. "पप्पा, तुमच्याकडूनच शिकलो मी. आता तिचं मस्तक मी आहे. तुम्ही मध्ये पडू नका."

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "आपण प्रार्थना करू या. घरचे कर्ते तुम्ही, तुम्हीच करा. मग चहा घेऊन निघतील दोघं."

लेक बॅग घेऊन आतल्या दारात येऊन उभी राहिली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी तोंड उघडलं. ज्याच्या प्रार्थनेपायी घरच्यांचं जेवण गार व्हायचं, त्याचीच दातखीळ बसली. प्रार्थनेत डोळे उघडे ठेवायची माझी ही पहिलीच वेळ. लेक डोळे मिटून माझ्या हुकमाची वाट बघत होती. बायको मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती. चोवीस वर्षं ती अशीच बघत आली असणार, हे मला तेव्हा कळलं.

"प्रभू," मी म्हणालो, "हिला दोनदा परत पाठवलं ते तू नाही, मी. बोललो मी आणि नाव तुझं लावलं. मंडळीत लोक काय म्हणतील, याचीच मला भीती होती. ख्रिस्ताने आपल्या माणसांसाठी स्वतःचा जीव दिला. मी माझ्या अब्रूसाठी माझी लेक दिली."

"ही काय प्रार्थना झाली?" जावई म्हणाला. पाळकसाहेबांनी डोळे उघडले नाहीत.

"पप्पा, मग मी काय करू?" लेकीने विचारलं. बावीस वर्षांची बाई, पण स्वतःचं काही ठरवायची सवयच नाही. ती मीच लागू दिली नव्हती.

"मी नाही सांगणार, बाळा. सांगायचं तोंड राहिलं नाही मला. तू ठरव. तुझं ठरेपर्यंत तुला कुणी हात लावणार नाही."

मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. जावई उठला. मी उंचीने त्याच्या खांद्याला लागतो.

"बाजूला व्हा."

"नाही."

त्याचा हात वर गेला, पाळकसाहेबांच्या देखत. कानशिलात बसली, चष्मा उडाला, मी भिंतीवर आदळलो. पुन्हा उभा राहिलो. इतकी वर्षं मस्तक म्हणवून घेतलं, पण घरासाठी पहिला फटका आज खाल्ला. त्याने दुसऱ्यांदा हात उगारला.

"मी येणार नाही," मागून लेक म्हणाली.

तिने मला विचारलं नव्हतं. ती त्याच्याशी बोलत होती.