ढालवालीचं नाव

“अगं बोल की बाई. तोंड शिवलंय का तुझं?”

मोबाइलवर मी एवढ्या जोरात ओरडले की सुई शेवंतीत जायची ती बोटात गेली. शेजारी पोत्यावर बसलेल्या माझ्या सासूबाई, सखुबाई, म्हणजे मी त्यांना आत्याबाई म्हणते, त्यांनी मान वर करून एकदा माझ्याकडे आणि एकदा मोबाइलकडे बघितलं आणि पुन्हा माळ ओवायला घेतली. त्यांना आता सवय झाली आहे.

दर रविवारी दुपारी दोन वाजता आमचं हे चालतं. मखमलाबाद शिवारात आमची फुलशेती आहे, तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये क्रेटला टेकवून मोबाइल ठेवायचा. माझी मुलगी निकिता पुण्याला नर्स आहे. ती तिकडे होस्टेलवर आणि मी इकडे, एकाच वेळी एकच भाग लावतो. जपानी कार्टून आहे, हिंदीत बोलतं. पोरीनं नाद लावला आणि आता तिच्यापेक्षा मलाच जास्त लागला आहे. हात माळेत असले तरी डोळे मोकळेच असतात. मध्येच मला राग आला, हसू आलं की मी व्हॉइस नोट सोडते. त्या ती मैत्रिणींना ऐकवते आणि सगळ्या जणी खिदळतात म्हणे. खिदळू देत.

त्या दिवशीचा भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत लढाईचा. तीन रविवार नुसती तयारी दाखवून दाखवून जीव खाल्ला होता, आज एकदाची जुंपली. किल्ल्याचं उत्तरेचं दार, समोर हजारभर शिंगवाले राक्षस. पांढऱ्या केसांचा सेनापती आपल्या उडत्या सापावर बसून दुसरीकडेच गेलेला. दाराशी एकटी बाई. दंड चांगले जाडजूड, एक कान फाटलेला. मालिकेत तिला नावच नाही, म्हणून आम्ही तिला ढालवाली म्हणतो. तिनं ते दार अठरा मिनिटं धरलं. ढाल अर्धी तुटली, तर अर्ध्या ढालीनं लढली. तीही गेली तेव्हा मागे सरून दाराला पाठ लावली आणि पाय रोवून उभी राहिली. तेवढ्या वेळात माझी माळ एका फुलानंही पुढे सरकली नाही.

मग शेवटच्या दोन मिनिटांत आला सेनापती. तलवार एकदा चमकली, सगळं पांढरंफेक झालं, राक्षस खलास. ढोल काय, तुताऱ्या काय. म्हाताऱ्या राजानं विचारलं, हे दार कुणी राखलं? तर हा बाबा हसून म्हणतो, मीच राखलं, महाराज. ढालवाली त्याच्या मागेच उभी. ती खाली बघत राहिली आणि भाग संपला.

मी व्हॉइस नोट दाबली आणि तोंडाचा पट्टा सोडला. ढाल कुणाची फुटली, पाठ कुणाची सोलली, आणि हा सापावरून फिरून येतो आणि मीच राखलं म्हणतो? आणि हिला काय झालं, हिची जीभ राक्षसानं नेली का? असल्या बाईला दोन थोबाडीत दिल्या पाहिजेत.

एरवी पोरीचं हसणं लगेच येतं. आज तिनं एक ओळ लिहून पाठवली. “आई, चार वाजता काका येणार आहेत ना, फोटो काढायला?”

मी मोबाइल पालथा ठेवला.

काका म्हणजे माझे धाकटे दीर, दत्तू भाऊजी. माझे मिस्टर, यादव, अकरा वर्षांपूर्वी काविळीनं गेले. तेव्हापासून हे शेत मी करते. भाऊजींचं शहरात द्वारका चौकात खताचं दुकान आहे, राहायलाही तिकडेच. माणूस वाईट नाही. माझी फुलं गणेशवाडीच्या फुलबाजारात न्यायला रोज पहाटे टेम्पो पाठवतात. पण फूल उत्पादकांच्या एका मंडळानं यंदा उत्तम शेवंतीला बक्षीस जाहीर केलं आणि भाऊजींनी अर्ज भरला. शेतकऱ्याचं नाव, दत्तू विधाते. मला शुक्रवारी फोनवर म्हणाले, वहिनी, जरा काय काय केलं ते सांगा, साहेब विचारतील. आणि मीही शहाणी, बसून चिठ्ठी लिहून टेम्पोवाल्याकडे दिली. लागवड कधी, पाणी किती, मावा आला तेव्हा काय फवारलं. एक गोष्ट तेवढी लिहायची राहिली. विसरले की मुद्दाम, देव जाणे.

मी गप्प का बसले, तर शेत आत्याबाईंच्या नावावर आहे. त्यांच्यामागं काय होणार, हे घरात कुणी कधी बोललेलं नाही. भाऊजी पोटचे आहेत, मी लग्न करून आलेली. उद्या ही जमीनच सुटली तर मी जाऊ कुठे?

चारला भाऊजी आले. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट आणि पायात कोरे करकरीत गमबूट, दुकानातून नुकतेच काढलेले. बरोबर फोटोवाला आणि मंडळाचे रंगनाथ सर. सर कृषी खात्यातून निवृत्त झालेले. मी दोन खुर्च्या पुसून ठेवल्या होत्या, पण ते बसलेच नाहीत, थेट सऱ्यांत शिरले. पानं उलटी करून बघत, मध्येच वाकून बुंधा चाचपत चालले. भाऊजी मागून चिठ्ठीतलं धडाधड म्हणत होते आणि कुठेही चुकत नव्हते.

मी चहा घेऊन बांधावर पोचले तेव्हा सर थांबले होते.

“लागवड सगळी एकाच आठवड्यातली म्हणता,” ते म्हणाले. “मग हे अर्धं रान फुललंय आणि ते अर्धं अजून कळीत कसं?”

भाऊजी म्हणाले, खताचा डोस सर, इकडे जरा जास्त दिला. सरांनी नुसतं हं केलं. मग भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला पाठ आहे. बँकेत, सोसायटीत, कुठेही अडलं की ते असं बघतात, मी हळूच मागून सांगते आणि ते म्हणतात, हां, तेच म्हणत होतो मी.

सवयीनं माझं तोंड उघडलंही होतं. आणि डोळ्यापुढे ती बया आली, खाली मान घालून उभी. मला तिचा असा संताप आला की मी चहाचा ट्रे तिथंच बांधावर ठेवला.

“खत नाही, सर,” मी म्हणाले. “तिकडच्या झाडांचे शेंडे मी दुसऱ्यांदा खुडलेत, म्हणजे फूल उशिरा येतं. इकडची फुलं नवरात्राला, तिकडची दिवाळीला. सगळी एकदम आली तर बाजारात मातीमोल होतात. अकरा वर्षं मीच लावते हे. भाऊजी दुकानात असतात.”

भाऊजी हसले. घरच्या बायकांचा हातभार असतोच सर, म्हणाले. मग शेडकडे वळून त्यांनी हाक मारली, “आई, तू सांग ना सरांना.”

आत्याबाई एक शब्द लेकाच्या बाजूनं बोलल्या असत्या तर मी संपले होते.

आत्याबाईंनी माळेचा दोरा दातानं तोडला. गाठ मारली.

“तू गेल्या दसऱ्याला आलता, दत्तू,” त्या म्हणाल्या. “सोनं द्यायला.”

आणि दुसरी माळ घेतली.

रंगनाथ सरांनी खिशातून पेन काढलं, अर्जावर एक ओळ खोडली आणि मला म्हणाले, “नाव सांगा, ताई.”

“मनीषा यादव विधाते.” जरा जास्तच मोठ्यानं सांगितलं मी. फोटोवाला म्हणाला, मावशी, हात धुऊन घ्या. खुडून खुडून माझ्या अंगठ्याचं नख काळं पडलंय, ते काही धुऊन जात नाही. मी म्हटलं, असेच येऊ द्या.

भाऊजींनी चहा घेतला नाही. गाडीला चावी लावताना, सरांना ऐकू जाणार नाही एवढ्या हळू म्हणाले, “उद्यापासून टेम्पो यायचा नाही, वहिनी.”

“रिक्षा लावीन,” मी म्हणाले. रिक्षात किती क्रेट बसतील याचा मला काही अंदाज नव्हता.

सगळे गेल्यावर मी शेडमध्ये येऊन बसले. आता बोलणी बसणार, चार माणसांत पोराची मान खाली गेली म्हणून. आत्याबाईंनी हातातली माळ संपवली. मग त्यांनी भाऊजींसाठी पुसलेली खुर्ची पायानं माझ्याकडे ढकलली. “बस वर,” म्हणाल्या. “आन् लाव तुझी ती मारामारी. ती बाई बोलली का नाय, बघू दे.”

पुढचा भाग कालपासूनच आलेला होता, पण तो आम्ही पुढच्या रविवारसाठी ठेवलेला. निकिताशी बेइमानी होती. तरी लावला.

ती बोलली नाही. सगळा भाग सेनापतीच्या मेजवानीचा. त्याच्यावर फुलं काय उधळतात, गाणी काय म्हणतात. ढालवाली एकदाच दिसली, कोपऱ्यात बसून दातानं चिंधी फाडून स्वतःच्या दंडाला बांधताना. आम्ही दोघींनी मिळून सेनापतीचा उद्धार केला. आत्याबाईंना येणाऱ्या शिव्या मला अजून येत नाहीत.

“नाव काय तिचं?” त्यांनी विचारलं.

“नावच ठेवलं नाही तिला.”

त्यांनी चार फुलं ओवली. “मंग भागी ठेव.”

“भागी कोण?”

“माझं व्हतं. माहेरचं. हितं नणदंचं पण तेच, मंग लग्नात सखू ठेवलं.” एवढं बोलून त्यांनी माळेला गाठ मारली.

सव्वीस वर्षं मी या घरात आहे. रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर, सगळीकडे सखुबाई. हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी मोबाइल उचलून व्हॉइस नोट दाबली.

“निकू, ढालवालीचं नाव कळलं गं. भागी.”

आत्याबाईंनी माझं मनगट धरून मोबाइल आपल्या तोंडाशी ओढला.

“भागीरथी,” त्या म्हणाल्या. “पुरतं नाव घे.”