सात्यांचा पहिला घास

टायफाइडने खुशालला एकोणतीस दिवस झोपवलं आणि तिसाव्या दिवशी उठवलं, पण अर्धाच. उरलेला अर्धा तापाबरोबर गेला. साकोलीचे डॉक्टर म्हणाले, "याला अंडी द्या, मटण द्या. नाहीतर पुन्हा इथेच आणाल." त्याची आई चंद्रभागाबाई गळ्यातली तुळशीची माळ चाचपत म्हणाल्या, "दुसरं सांगा." डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

नवरा गेला त्या वर्षी, म्हणजे बारा वर्षांमागे, बाईंनी माळ घातली होती. तेव्हापासून एकोडीतल्या त्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा शिरलं नव्हतं. सून धुरपता दूध, मुगाचं वरण, भाताची पेज देत राही आणि खुशाल ते मुकाट्याने ओकत राही.

अशात ग्रामपंचायतीत शेतकी खात्याचा साहेब आला. भिंतीवर तक्ता टांगून त्याने अळिंबीचे फायदे सांगितले. ताकद येते, पचायला हलकी, आजाऱ्याला तर उत्तम. अळिंबी म्हणजे आपल्या सात्या, हे लोकांना चित्रातल्या पांढऱ्या छत्र्या पाहून कळलं. सात्या औषधी निघाल्या म्हणून गाव जरा हिरमुसलंच. इतकी वर्षं नुसत्या चवीसाठी खाल्ल्या होत्या.

चंद्रभागाबाईंनी मागून विचारलं, "साहेब, याले पान असते का?"

"नाही."

"मूळ?"

"तसं नाही म्हणता येईल."

"बी?"

"नाही हो बाई."

"पान नाही, मूळ नाही, बी नाही, अन् शिजलं का मटणावाणी वास मारते. मंग हे भाजी कशी?"

साहेबाने तक्ता गुंडाळला.

घरी येऊन धुरपता रडली. "आत्याबाई, तुमची माळ तुमच्यापाशी. माह्या नवऱ्याच्या बरगड्या मोजता येऊन राहिल्या. मी आणतो सात्या."

आणते कुठून? सात्या ज्या वारुळावर उगवतात ते वारूळ कोणी कोणाला सांगत नाही. सख्ख्या बहिणीलाही ताकास तूर लागू देत नाहीत. धुरपता माहेरची लाखांदूरची, इथलं रान तिला परकं. दोन दिवस पायपीट करून तिने टोपलीभर काहीतरी आणलं. सासूने एकेक उलटून पाहिलं आणि सगळं खड्डा खणून पुरलं.

"हे खाल्लं असतं, तं अंड्याचा प्रश्नच मिटला असता," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी स्वतः टोपली उचलली. माळ घालण्याआधी त्या दर पावसाळ्यात जात ते वारूळ होतं तिथेच होतं, आणि पांढरंशुभ्र फुललं होतं. सात्या आणून त्यांनी अंगणात वेगळी चूल मांडायला लावली आणि चार हात लांबून सुनेला सांगत राहिल्या, "लसूण हात राखून नको टाकू."

आता गावात सात्यांचा एकच कायदा. ज्याने काढल्या त्याने पहिला घास सगळ्यांसमोर खायचा, मग तासभर थांबायचं. विषारी निघाल्या तर काढणाऱ्याने आधी जावं, इतकी साधी गोष्ट.

धुरपता हळूच म्हणाली, "मी खातो पहिला घास. कोणाले कळते?"

"काढल्या मी. अन् तू मेली तं याले रांधून कोण घालन?"

चंद्रभागाबाईंनी माळ काढून तुळशीच्या मुळाशी ठेवली, हात धुतले आणि घास तोंडात घातला. बारा वर्षांनी ती चव जिभेला लागली आणि, खोटं कशाला बोला, फार गोड लागली. त्याचाच त्यांना राग आला आणि भरल्या तोंडाने त्या रडल्या. मग तासभर भिंतीला टेकून बसल्या. काही झालं नाही.

खुशाल जेवला. ओकला नाही. ताट पुसून त्याने आणखी मागितलं, तर भांडं रिकामं झालेलं.

"उद्या आणतो," आई म्हणाली आणि टोपली धुवायला घेतली.

उद्या काढायच्या म्हणजे पुन्हा पहिला घास. खुशालने तुळशीकडे पाहिलं. "आई, माळ कधी घालशीन?"

"तुह्या अंगावर मास चढू दे."