मऊ उजेडातला डाग

नाक संपून गाल सुरू होतो, त्या उजव्या घळीत मला एक ठिपका आला होता. मिरीच्या दाण्याएवढा, काळपट, कडेने चकचकीत आणि मधोमध खपली. खपली पडली की मला वाटायचं, सुटले एकदाची. चार दिवस गेले की ती परत हजर, माहेरपणाला आलेल्या नणंदेसारखी. तोंड पुसलं की टॉवेलवर रक्ताचा बारीक टिपका उठायचा.

आधी तो पार्लरवालीने पाहिला. माझ्या चेहऱ्यावरून तिचे हात सरसर फिरत होते ते तिथे येऊन थांबले. "काकू, मी ह्याला हात लावणार नाही. डॉक्टरला दाखवा." एरवी ही बाई मला दर खेपेला काहीतरी नवीन क्रीम गळ्यात मारते. तीच काही विकायला तयार नाही म्हटल्यावर मी घरी येऊन आधी आरशासमोर उभी राहिले. मी चामडीच्या डॉक्टरांची वेळ घेतली. आणि ती वेळ यायच्या आधीच साथीमुळे सगळं बंद झालं. पार्लर बंद, दवाखाना बंद, रस्ते बंद.

दवाखान्यातल्या फोनवरच्या मुलीचा आवाज गोड होता.

"काकू, सध्या फक्त इमर्जन्सी बघतोय. फार दुखतंय का?"

"दुखत नाही गं."

"खाज? सूज? ताप?"

"नाही."

"मग थांबा ना थोडं. सुरू झालं की मीच फोन करते."

मी खोटं बोलायला हवं होतं, हे फोन ठेवल्यावर सुचलं. मला सगळं फोन ठेवल्यावरच सुचतं.

मग मास्क आला. एरवी शेजारच्या बाईने, किराणावाल्याने, कोणी ना कोणी विचारलंच असतं, "नाकाला काय झालं?" आणि त्या विचारण्याने मला टोचून टोचून हलवलं असतं. आता जगाला माझे फक्त डोळे दिसत होते, आणि डोळे माझे पहिल्यापासून चांगले आहेत. ठिपका मास्कखाली निवांत बसला होता. निवांत नव्हते ती मी. आरशात बघ, बंद टीव्हीच्या काळ्या काचेत बघ, चमच्याच्या मागच्या बाजूला बघ. चमच्यात तर तो वांग्याएवढा दिसायचा.

आता ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. आमचा फोटो स्टुडिओ आहे. खाली स्टुडिओ, वर घर. काउंटरवर मी बसते, ओळखपत्राचे फोटो कापते, आणि "हनुवटी जरा खाली, हं, आता हसू नका" एवढं म्हणते. बाकी सगळं ह्यांचं. ह्यांच्या हाताला एक गुण आहे, ह्यांनी काढलेल्या फोटोत माणूस आहे त्याहून बरा दिसतो. खोटा नाही, बरा. नाराज चेहऱ्याने एकही गिऱ्हाईक आमच्या दाराने बाहेर पडलेलं नाही. आणि ह्याची दुसरी बाजू अशी, की ह्यांना माणसाच्या तोंडावरचे डाग दिसतच नाहीत. समोर बसलेल्या माणसाला हे मनातल्या मनात आधीच साफ करून टाकतात. मी घरात मास्कशिवाय दिवसभर ह्यांच्यासमोर वावरत होते. "अहो, हे बघा ना, वाढलंय का?" म्हटलं की हे चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "काही नाही गं. तीळ आहे. शोभतो तुला."

शटर खाली ओढलेल्या दुकानात हे उगाच लेन्स पुसत बसायचे, आणि मी जिना चढायची-उतरायची. वर काम नव्हतं, खाली काम नव्हतं, मधे जिना होता.

शेवटी त्या फोनवरच्या मुलीलाच माझी दया आली. म्हणाली, "काकू, फोटो पाठवा चांगला. डॉक्टर बघतील आणि फोन करतील."

चांगला फोटो! आमच्याकडे त्याची काय वानवा. हे एकदम उठले. कित्येक दिवसांनी स्टुडिओतले दिवे लागले. मला स्टुलावर बसवलं, मान तिरकी केली, पदर नीट केला. "अहो, पदर कशाला? नाक हवंय त्यांना." "बस गं गप." माझं नाक चमकत होतं म्हणून ह्यांनी पावडरचा पफ फिरवला. पांढऱ्या छत्रीतून समोरून उजेड सोडला. फोटो निघाला, गेला.

डॉक्टरबाईंचा फोन आला तेव्हा मी उभीच होते. त्या घाईत असाव्यात, पण तुटक नव्हत्या. "फोटो छान स्पष्ट आहे. मला काळजीचं काही दिसत नाही. मास्क घासून होतंय हे. मलम लिहून देते, दोन वेळा लावा."

हे म्हणाले, "बघ! मी सांगत नव्हतो?" आणि त्या दिवशी हे शीळ घालत दाढी करत होते.

मी मलम लावत राहिले. ट्यूब चपटी झाली, ठिपका तसाच. तसाच कुठला, आता त्याची एक कड नाकपुडीकडे सरकली होती. की मला तसं वाटत होतं? रोज बघितलं की मोठं होतंय की नाही ते कळत नाही, आणि न बघता राहवत नाही. ह्यांना विचारलं की हे चिडायचे. "डॉक्टरने बघितलंय ना? मग आता तू काय डॉक्टरची आई?"

एकदा लेकीशी फोनवर बोलता बोलता मी म्हटलं, "तुला पाठवते तो फोटो. तू सांग."

लेक दूर नोकरीला, तिथेच अडकलेली. फोटो गेल्यावर ती किंचाळली. "आई! काय दिसतेयस! मी ठेवणार हा माझ्या फोनवर."

"अगं, नाक बघ."

"काय झालंय नाकाला?"

"ठिपका नाही का दिसत?"

तिने फोटो बोटांनी मोठा करून बघितला असावा. मग म्हणाली, "आई, सावली आहे थोडी. ठिपका कुठाय?"

मी खाली गेले. स्टुडिओतल्या मोठ्या स्क्रीनवर तो फोटो उघडला. एक बरी दिसणारी बाई माझ्याकडे बघत होती. नाकाशेजारी फिकट तपकिरी सावली, जशी कुणाच्याही नाकाशेजारी असते. चकचकीत कड नाही, खपली नाही. माझ्यापेक्षा ती बाई दहा वर्षांनी सुखी होती.

"अहो! तुम्ही पुसलंत?"

हे मागच्या खोलीतून आले. स्क्रीनकडे बघून थांबले. "पुसलं नाही. शप्पथ. हातसुद्धा नाही लावला."

"मग गेलं कुठे?"

"उजेड मऊ घेतला. समोरून आला की उंचसखलपणा मरतो. आणि पावडर... नाक चमकत होतं ना."

"दाखवायला बसले होते की लपवायला?"

"कडक उजेडात म्हातारी दिसली असतीस. तुझा वाईट फोटो माझ्या हातून नाही जायचा."

"छान. भिंतीवर टांगायला उपयोगी पडेल लवकरच."

हे स्टुडिओतला एकेक दिवा उगाच लावून, उगाच बंद करत राहिले. मलाही बोलून काही बरं वाटलं नाही. मी म्हटलं, मीच काढते मोबाइलवर. काढले. एकात नाक हललेलं, एकात नाक सोडून मागचं कपाट स्वच्छ, आणि एकात मोबाइलनेच आपल्या अकलेने माझे गाल गुळगुळीत केलेले. म्हटलं, हा मोबाइल पण ह्यांच्याच वळणावर गेलाय.

पुन्हा जिना. पुन्हा आरसा. "नवीन काढा ना" म्हटलं की हे "काढू, काढू" म्हणायचे आणि कॅमेऱ्याची बॅग उघडून परत बंद करायचे. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ह्यांना डाग दिसत नाहीत असं नाही. ह्यांना भीती वाटत होती.

असेच दोन-तीन दिवस गेले. मग सकाळी शेजारच्या गॅरेजवाल्याने खालून हाक मारली. दूध पोचवणाऱ्या एका गाडीने भिंतीला धडक दिली होती, विम्याच्या कंपनीला फोटो पाठवायचे होते. असली कामं हे पूर्वीपासून करतात. हे मास्क लावून, कॅमेरा घेऊन गेले आणि मी वरच्या खिडकीत उभी राहिले.

आणि मी बघतच राहिले. माझा हा मऊ उजेडवाला नवरा त्या गाडीभोवती डिटेक्टिव्हसारखा फिरत होता. दारावर पोचा आला होता. ह्यांनी गॅरेजवाल्याला बाजूला व्हायला सांगितलं, ऊन तिरपं पडेल असं उभं राहून बघितलं, मग जमिनीवर चक्क आडवे झाले. पोच्याशेजारी फूटपट्टी चिकटवली. धूळ पुसायला गेलेल्या गॅरेजवाल्यावर ओरडले, "पुसू नको! रंग उडालेला दिसला पाहिजे. ओरखडा दिसला पाहिजे. कंपनीला वाटलं पाहिजे की दार बदलल्याशिवाय गत्यंतर नाही."

हे वर आले तेव्हा मी जिन्यातच उभी होते.

"मला तसं काढा."

"कसं?"

"त्या गाडीसारखं. मी दार आहे असं समजा. फूटपट्टी लावा. पावडर नको, पुसू नका, ओरखडा दिसू दे. त्यांना वाटलं पाहिजे की मला बोलावल्याशिवाय गत्यंतर नाही."

ह्यांना हसू येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही. हे पायरीवर बसले. बराच वेळ कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळत होते. मग म्हणाले, "चल."

ह्या वेळी छत्री नव्हती. एकच दिवा, तोही बाजूने, इतका जवळ की गाल तापला. जवळून काढायची लेन्स लावली. लहान पट्टी माझ्या हातात दिली, "नाकाला टेकवून धर." मी धरली. हे वाकले आणि लेन्समधून बघत राहिले. क्लिकचा आवाज येईना.

"अहो, मान अवघडली."

"हं."

"झालं का?"

"हललं," म्हणाले. मी तर दगडासारखी बसले होते. दुसरा काढला, तिसरा काढला. मग स्क्रीनवर मोठा केला. काळपट डोंगर, त्याच्या कडेला मोत्यासारखी चमक, त्यावरून धावणाऱ्या लाल, केसाएवढ्या बारीक शिरा, आणि मधला खड्डा. खाली पट्टीवरच्या रेघा. आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून उभे होतो. स्टुडिओत इतका वाईट फोटो कधीच निघाला नव्हता.

"एवढं झालंय होय," हे म्हणाले. मला नाही, स्क्रीनला.

फोटो गेला आणि चहा उकळायच्या आत फोन आला. ती गोड आवाजाची मुलगी, पण आज आवाजात गोडवा नव्हता. "काकू, उद्या सकाळी या. एकट्याच या."

दवाखान्यात एक सोडून एक खुर्चीवर चिकटपट्टीची फुली होती. डॉक्टरबाई प्लास्टिकच्या पडद्याआड होत्या. "मास्क खाली घ्या," म्हणाल्या, आणि दिवा लावलेलं छोटं भिंग माझ्या नाकावर टेकवलं. इतके महिने माझ्या इतक्या जवळ परकं माणूस आलं नव्हतं. मी श्वास धरून बसले. मला त्यांना सगळं सांगायचं होतं, पार्लरवालीपासून. त्या म्हणाल्या, "बोलू नका, हलतंय."

बघून झाल्यावर त्यांनी खुर्ची मागे घेतली. "आधीच्या फोटोत ही चमक दिसत नव्हती. मी हीच शोधत असते. तो फोटो कुणी काढला होता?"

"माझे मिस्टर. फोटोग्राफर आहेत."

"अच्छा," त्या म्हणाल्या, आणि पडद्याआडून थोड्या हसल्या. "मी तेव्हाच दुसरा मागवायला हवा होता. फोटोवर निभावतोय सध्या, त्यात असं होतं."

मग त्यांनी आडवळणं न घेता सांगितलं. तुकडा काढून तपासणीला पाठवायचा, पण त्यांना खात्री वाटत होती. चामडीचा कॅन्सर, सावकाश वाढणारा. तो सहसा शरीरात दुसरीकडे पसरत नाही, जीव घेत नाही. पण जिथे आहे तिथे खोल खोदत जातो. "तुम्ही आधी घेतलेल्या तारखेला आला असतात तर मी इथेच, ह्याच खुर्चीत काढून टाकला असता. आता नाकपुडीची कड जाईल. कानामागची चामडी लावावी लागेल. सर्जन चांगले आहेत, पण त्यांच्याकडे रांग आहे. दवाखाने थोडे उघडल्यावर सगळेच एकदम निघालेत, आणि सगळे असेच, उशिरा." चिठ्ठीवर त्यांनी 'तातडीचे' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

इंजेक्शनने नाक मेलं. तुकडा निघाला, कापूस लागला, मी बाहेर आले.

समोरच्या फुटपाथवर हे उभे होते. एकट्याच या म्हटलेलं ह्यांना ऐकू आलं नसावं. मी रस्ता ओलांडला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कड जाईल हे पण सांगितलं. हे ऐकून घेत होते आणि मान हलवत होते, जणू मी पत्ता सांगत होते.

"चिठ्ठी दे," म्हणाले. वाचली. आणि घराच्या उलट्या दिशेने चालायला लागले.

"अहो, कुठे?"

"सर्जनकडे. फोनवर तारीख देतील पुढच्या महिन्याची. दारात जाऊन उभं राहायचं."

"आत घेणार नाहीत."

"नाही घेतलं तर बाहेर उभं राहू."

हे पुढे, मी मागे. मी धापा टाकत होते आणि मास्कच्या आत काहीतरी ओलं लागत होतं. घाम असेल, नाहीतर नाक वाहत असेल, बधिर नाकाला काही पत्ताच नव्हता.

"अहो, थांबा. बघा जरा, रक्त येतंय का?"

हे मागे फिरले. मी मास्क खाली ओढला. भर उन्हात ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, आणि बघितलं. घाई केली नाही.

"येतंय," म्हणाले. "कापूस भिजलाय सगळा. दाब घट्ट."

मी दाबलं. ह्यांनी माझा दुसरा हात धरला आणि आम्ही परत चालायला लागलो.