भोये आणि गांगुर्डे

मल्हारी गांगुर्डे सरांनी वीस वर्षांत अकरा शोधनिबंध लिहिले आणि अकराही सुमनबाईंनी टाइप केले. सर नाशिकच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत, सुमनबाई सरकारी कचेरीत कारकून. सरांचं अक्षर म्हणजे शाईत बुडालेल्या मुंगीची पायवाट. ते वाचू शकणारी जगात एकच बाई होती, आणि नशिबानं तिच्याशीच त्यांचं लग्न झालं होतं.

दहा निबंधांकडे जगानं ढुंकून पाहिलं नाही. १९७८ सालचा एक मात्र गाजला. धावड्याच्या डिंकाला दुसरा पॉलिमर जोडून कागदावर द्यायचा लेप कसा करावा, हे त्यात होतं. जर्मनीहून, जपानहून छापील पोस्टकार्डं येऊ लागली, 'कृपया निबंधाची प्रत पाठवावी.' त्या काळी अशी कार्डं ज्याच्या दारात पडत, त्याचं काम जग वाचतं असं समजायचं. पाच वर्षांत त्र्याहत्तर कार्डं आली. सगळ्यांवर पत्त्यात नाव एकच, डॉ. बी. भोये.

आता भोये काही डॉक्टर नव्हत्या. सुरगाण्याच्या डोंगरातून डिंक गोळा करून आणणाऱ्या त्या भागीबाई. सरांचे प्रयोग दोन वर्षं फसत होते. आज जमलेला लेप उद्या जमायचा नाही. डोकं धरून बसलेल्या सरांना भागीबाईंनीच सुनावलं होतं, "सर, उन्हाच्या अंगाचा नि सावलीचा डिंक तुम्ही एकाच डब्यात भरता. मंग कसा जमंल? येगळा येगळा ठेवा ना."

वेगळा ठेवला आणि लेप दर वेळी जमू लागला. "त्यांचंही नाव निबंधावर घाल," सर म्हणाले. सुमनबाईंनी घातलं, पण हाताला वळण कचेरीचं. हजेरीपटावर लावतात तशी इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं नावं लावून त्या मोकळ्या झाल्या. बी आधी, जी नंतर. पहिलं नाव मुख्य संशोधकाचं मानतात, हे त्यांना कोण सांगणार? सरांनी निबंध छापून आल्यावरच पाहिलं आणि हसून सोडून दिलं. माणूसच तसा!

१९८३ साली सरांनी पीएच.डी.चे मार्गदर्शक होण्यासाठी अर्ज केला. वय चोपन्न. मान्यता मिळाली तरच हाताखाली विद्यार्थी घेता येणार होते, नाहीतर डिंकाचं सगळं काम सरांबरोबरच निवृत्त होणार. विद्यापीठाच्या समितीचं उत्तर आलं. जग ज्याची दखल घेतं तो आपला एकच निबंध, आणि त्यावर मुख्य नाव भोये यांचं. ते चुकून पडलं असल्यास तसं लेखी द्यावं आणि नाव वगळावं, म्हणजे मान्यतेस अडचण राहणार नाही.

सुमनबाई ते पत्र घेऊन सरांसमोर येऊन बसल्या. "चूक माझी आणि भोगायचं तुम्ही. अहो, द्या ना लिहून. खोटं थोडंच आहे?"

"त्यांना न विचारता?" सर म्हणाले, आणि आठ दिवस त्यांचं पालुपद तेच राहिलं.

नवव्या दिवशी भागीबाई डिंक घेऊन इंदिरानगरच्या घरी आल्या. सर कॉलेजात होते. सुमनबाईंनी चहा ठेवला आणि काळीज घट्ट करून सगळं सांगून टाकलं.

"काढा ना मंग," भागीबाई लगेच म्हणाल्या. "सरांचं काम अडतंय ना? मला कुठं वाचता येतं?" त्यांनी बशीत चहा ओतला, पण ओठाला लावला नाही. "पण बाई, त्या लांबच्या लोकांना उन्हा-सावलीचं कळवलंय ना? नायतर त्यांचाबी डिंक फुकट जायचा."

वीस वर्षं सुमनबाई संशोधन टाइप करत होत्या. संशोधक कसा असतो, ते त्यांना आज कळलं.

संध्याकाळी सर घरी आले तेव्हा टाइप केलेलं उत्तर टेबलावर तयार होतं. 'नावांचा क्रम लावताना टंकलेखिकेकडून चूक झाली, हे खरे आहे. तथापि आता खात्री करून घेतली असता क्रम बरोबर असल्याचे आढळले.'

सरांनी दोनदा वाचलं. "मान्यता जाईल, सुमन."

"जाईल," सुमनबाई डोळे पुसत म्हणाल्या. "सही नीट करा. वाचता आली पाहिजे."