जास्वंदीखालचा हद्दीचा दगड

मी एक जुना हद्दीचा दगड आहे. तलाव काठोकाठ भरला की पाणी कुठवर येतं, ती रेषा दाखवायला मला इथे रोवलं. पाथरवटाने मला चारही अंगांनी तासलं आणि माझ्या कपाळावर बाण कोरला. रोवणारे साहेब म्हणाले होते, "या दगडापासून शंभर मीटरपर्यंत कुणी नवं बांधकाम करायचं नाही. हे पाणी सगळं शहर पितं."

मित्रांनो, तेव्हा माझी छाती काय फुगली होती!

माझ्या शेजारी एका मास्तरांचं घर होतं. ते माझ्याही आधीचं, म्हणून राहिलं. मात्र त्याला नवी खोली जोडायला मनाई झाली. मास्तरांनी कधी कुरकूर केली नाही. उलट रोज तांब्याभर पाणी घालून मला धुवायचे आणि विद्यार्थ्यांना सांगायचे, "याला राखणदार म्हणा."

एके दुपारी ते टोपलीभर माती घेऊन आले. झाडाला घालणार असतील, असं मला वाटलं. त्यांनी ती माझ्या डोक्यावर ओतली. मग दुसरी टोपली. मी दगड, तरी चरकलो! ज्या हातांनी अंघोळ घातली, त्याच हातांनी मला मूठमाती दिली. वर जास्वंदीचं रोप लावलं आणि घर विकून मास्तर निघून गेले.

घर घेतलं एका चष्मेवाल्याने. दुकानात दिवसभर भिंगं घासायची आणि घरी आईचं करायचं, एवढाच त्याचा संसार. आईच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, ती चाकाच्या खुर्चीत बसून असायची. झोपायची खोली आणि शौचालय वरच्या मजल्यावर. तो तिला पाठुंगळी घेऊन जिना चढायचा. शेवटी त्याने मागच्या अंगाला एक खोली काढायचं ठरवलं. जास्वंद उपटली, पाया खणायला घेतला आणि गवंड्याची कुदळ माझ्यावर खणकन आदळली.

"अहो, हा तर हद्दीचा दगड! घर विकताना मास्तर काही बोलले नाहीत?"

"काय बोलायचं होतं?" चष्मेवाल्याच्या हातातला चहा तसाच राहिला.

तलावाच्या कचेरीतल्या बाई फीत घेऊन आल्या. त्यांनी माझ्यापासून मोजलं आणि मान हलवली. "घर आहे तसं राहू दे. आत काय हवी ती डागडुजी करा. बाहेर मात्र नवी वीट नाही, आणि शोषखड्डा तर मुळीच नाही. मैला झिरपून याच पाण्यात उतरतो."

"म्हणजे मी घेतलेल्या जागेवर मलाच खोली बांधता येणार नाही?"

"नाही, दादा."

त्याचा चेहरा पाहून मला, खरं सांगतो, मातीतच बरा होतो असं वाटलं.

बाई गेल्यावर आई कडाडली, "पुरून टाक त्याला! मास्तराने आपल्या डोळ्यांत धूळ फेकली, आपण दुसऱ्याच्या फेकू. विक हे घर."

आणि त्याने पुरलं मला! इतका सरळ माणूस, पण मान खाली घालून माती लोटत राहिला.

पुढे एक जोडपं घर बघायला आलं. बायको गरोदर होती. माझ्यावरच उभी राहून तिने विचारलं, "काका, इथे एक खोली काढता येईल ना? बाळंतपणाला आई येणार आहे."

चष्मेवाला गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी माती उपसू लागला. "पोरी, आधी हे बघ."

सगळं ऐकून तिचा नवरा पांढराफटक पडला. "तुम्ही बोलला नसतात तर आम्हाला कळलंच नसतं!"

"मलाही कळलं नव्हतं," चष्मेवाला म्हणाला.

ते निघून गेले. "हातचं गिऱ्हाईक घालवलंस!" एवढंच म्हणून आईने अबोला धरला. त्याच्याकडे ती बघेनाच. त्याने कचेरीतल्या बाईंना विचारून घरातल्या घरात भिंत हलवली, अर्धं स्वयंपाकघर आईच्या खाटेला दिलं आणि जिन्याखाली शौचालय बसवून मैल्याच्या जुन्याच टाकीला जोडलं. आई पहिल्यांदा एकटी, स्वतःच्या हातांनी चाकं ढकलत शौचालयात गेली. बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला, "ओट्यापाशी आता दोन माणसं मावायची नाहीत रे."

तो इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले.

मित्रांनो, या घराला गिऱ्हाईक अजून मिळालेलं नाही. माझ्यामुळे या मायलेकांचं नुकसान झालं, हे मी नाकारत नाही. पण माझ्यावर माती टाकली म्हणून पाण्याची रेषा काही मागे सरत नाही; फसतो तो फक्त पुढचा माणूस. तुमच्या अंगणाच्या कडेला असा एखादा दगड असेल तर त्याच्यावरचं गवत काढा. आणि घर दाखवायची वेळ आली, तर खिडक्यांच्या आधी तो दाखवा.