ताईच्या वतीने

अरे, आधी ऐक तर. मधे बोलू नकोस, नाहीतर मला सांगून होणार नाही.

ताईचा हात मोडला ना, तेव्हा सगळ्यांना काय सांगितलं होतं? दारात सापडला. दारातबिरात काही नाही. भावोजींनी पिरगाळला. प्लास्टर घालून ती तडक आमच्याकडे आली, एका पिशवीनिशी. आणि आम्ही राहतो कुठे? प्रार्थनागृहाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, मागच्या खोलीत. आई तिथली झाडलोट करते, खुर्च्या लावते, त्याबदल्यात ती खोली. म्हणजे आली ती थेट पाळकांच्या दारातच म्हण ना.

तिसऱ्या दिवशी पाळक आले. माणूस वाईट नाही रे, बाबा गेले तेव्हा खांद्याला पहिले तेच होते. ताईचा हात बघून डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, "पोरी, त्याला मी फैलावर घेईन. पण नवरा म्हणजे घराचं मस्तक. मस्तकाला न विचारता घर सोडलंस, ही चूक तुझी. रविवारी मंडळीपुढे क्षमा माग आणि त्याच्याबरोबर परत जा. मिटेल सगळं."

ताई म्हणाली, "बरं. राहते उभी. बोलते."

पाळक गडबडले. "तू नाही बोलायचंस. आपल्यात मंडळीपुढे बाई बोलत नाही."

"मग माझी क्षमा मागणार कोण?"

"घरातला पुरुष."

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले! मी, पुरुष! ज्याला आई अजून विचारते, अंघोळ केलीस का. एरवी हसून हसून पोट दुखलं असतं.

शनिवारी पाळकांनी टाईप केलेला कागद दिला. आई म्हणाली, "वाचून टाक बाबा. खोली गेली तर तिघं जाणार कुठे?" ताईने कागद-पेन घेतलं. संध्याकाळभर खिडकीत बसून डाव्या हाताने काहीतरी गिरवत होती. रविवारी सकाळी माझी कॉलर सरळ करता करता तिने कागदाची एक घडी माझ्या खिशात सरकवली. चारच ओळी, बालवाडीतल्या पोरासारखं अक्षर. हात दारात सापडला नाही, यांनी पिरगाळला. ही पहिली वेळ नाही. मला क्षमा मागायची नाही. मी परत जाणार नाही.

"हाच वाच हं," म्हणाली. "मला बोलू देत नाहीत, तू तरी बोल."

मी हो म्हटलं. शप्पथ, म्हटलं.

मग उभा राहिलो. माईक खाली होता, पाळकांनी स्वतः येऊन वर केला, पाठीवर हात ठेवला. पहिल्या रांगेत भावोजी, इस्त्रीचा शर्ट, डोळे मिटलेले. डावीकडे बायकांत आई आणि ताई. मला वाचायला कोणी शिकवलं माहितीय? ताईने. शब्दाखाली बोट धरून. मी मान वर केली तर तिचे ओठ हलत होते. मी अडखळेन म्हणून त्या चार ओळी ती मला तिथूनच सांगत होती रे.

आणि मी टाईप केलेला वाचला.

सगळा. न अडखळता. "मी माझ्या मस्तकाचा अवमान केला," हे ताईच्या वतीने, माझ्या या घोगऱ्या आवाजात. तिचे ओठ कधी थांबले, नाही माहीत. मी परत बघितलंच नाही तिकडे. लोक आमेन म्हणाले. एका काकांनी माझा हात दाबला, "आज खरा घरचा कर्ता झालास!"

दुपारी भावोजी गाडी घेऊन आले. पिशवी त्यांनीच उचलली, मोठ्या अदबीने. ताईने आईकडे बघितलं नाही. माझ्या गालाला डावा हात लावला आणि म्हणाली, "छान वाचलंस. एकही चूक नाही."

आज अकरा दिवस झाले. फोन भावोजीच उचलतात. ती आराम करतेय म्हणतात.

घडी अजून खिशातच आहे, ही बघ. आता खरं सांग, ती खोलीबिली बाजूला ठेव... नाही, नको ठेवूस. समोर तुझीच आई बसलीय असं धर. तू कुठला वाचला असतास?